जॉन हर्सी यांचे ‘हिरोशिमा’ : केलॉइड, शस्त्रक्रिया आणि निवेदनाची मर्यादा

प्रास्ताविक

जॉन हर्सी यांचे ‘हिरोशिमा’ हे विसाव्या शतकातील वृत्तांतपर गद्याचे एक मानदंड ठरलेले पुस्तक आहे. ‘द न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकाने ३१ ऑगस्ट १९४६ चा संपूर्ण अंक या एकाच लेखनाला दिला आणि त्याच वर्षी ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. जवळजवळ चाळीस वर्षांनी हर्सी पुन्हा हिरोशिमाला गेले. त्या भेटीतून सिद्ध झालेले ‘द आफ्टरमाथ’ हे प्रकरण जुलै १९८५ मध्ये त्याच साप्ताहिकात आले आणि पुढे पुस्तकाचे पाचवे प्रकरण म्हणून जोडले गेले. पहिल्या चार प्रकरणांवर विपुल लिहिले गेले आहे. पाचव्या प्रकरणाची वाट्याला आलेली समीक्षा त्या मानाने तुटपुंजी आहे आणि जी आहे तिचा सूर बहुधा ‘पहिली धार राहिली नाही’ असा आहे. हा सूर सर्वस्वी चुकीचा नसला, तरी तो एका महत्त्वाच्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतो. पहिल्या चार प्रकरणांत जे लिहिणे कालदृष्ट्या शक्यच नव्हते, ते पाचव्यात आले आहे. ते म्हणजे भाजलेली जखम भरून आल्यानंतर काय झाले, याचा वृत्तांत. प्रस्तुत लेखात ‘हिरोशिमा’च्या या दोन काळांतील संहिता केलॉइड, म्हणजे जखमेवर उगवून वाढत जाणारा उंच वण, आणि त्यावरील उपचार या एकाच सूत्राने वाचावयाच्या आहेत.

मराठीत ‘व्रण’ आणि ‘वण’ हे दोन शब्द आहेत आणि त्यांचे मूळ एकच आहे. व्रण म्हणजे जखम, वण म्हणजे जखमेची खूण. बोलीत हा भेद नीट पाळला जातो. समीक्षेत मात्र तो हरवतो. आत्मकथनांवरील आणि अत्याचारांच्या साहित्यावरील आपल्या लेखनात ‘व्रण’ हा शब्द इतक्या सढळ हाताने वापरला गेला आहे की तो जखमेसाठी आहे, खुणेसाठी आहे की नुसत्या दुःखासाठी, हे सांगणे कठीण व्हावे. त्यामागे आपल्या सांस्कृतिक स्मृतीतील एक बलवान प्रतिमा उभी आहे. ती म्हणजे अश्वत्थाम्याची. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणारा अश्वत्थामा नर्मदेच्या परिक्रमावासीयांच्या कथांतून आजही भेटतो. न भरणारी जखम हे आपल्याकडील यातनेचे प्रमाणरूप आहे. केलॉइडचे शरीरशास्त्र याच्या नेमके उलट आहे. तेथे जखम भरून येते आणि मग भरून येण्याची ती क्रिया थांबत नाही. त्वचेतील तंतुजनक पेशी कोलॅजन निर्माण करीत राहतात, वण त्वचेच्या पातळीवर उंचावतो आणि मूळ जखमेची सीमा ओलांडून निरोगी त्वचेवर पसरतो. तो खाजतो, दुखतो, आणि कापून काढला तर अनेकदा पूर्वीपेक्षा मोठा होऊन परत येतो. अश्वत्थाम्याच्या प्रतिमेने केलॉइड वाचू गेल्यास वाचन फसते. हर्सींच्या पाचव्या प्रकरणाबाबत हे बऱ्याच अंशी घडले आहे.

१९४६ ची संहिता

पहिल्या चार प्रकरणांत भाजण्याची वर्णने ठायीठायी आहेत. हर्सींची शैली तेथे कोरडी, जवळजवळ नोंदवहीसारखी आहे. स्फोटाच्या क्षणी निर्माण झालेली उष्णता काळ्या कापडाने शोषून त्वचेपर्यंत पोहोचवली, पांढऱ्या कापडाने परतवली, आणि त्यामुळे काही स्त्रियांच्या अंगावर त्यांच्या किमोनोवरील फुलांचे आकार उमटले, ही नोंद ते कोणत्याही विशेषणाविना करतात. केलॉइडचा उल्लेख मात्र चौथ्या प्रकरणात ओझरता येतो. बऱ्याचशा भाजलेल्या जखमा गुलाबी, रबरासारख्या जाड वणांनी भरून आल्या, एवढ्याच आशयाची ती नोंद आहे. शास्त्रज्ञांच्या आणि डॉक्टरांच्या निरीक्षणांच्या यादीत ती येते, कोणा एका व्यक्तीच्या देहावर नव्हे. हर्सी तेथे या वणांना ‘ट्यूमर’, म्हणजे गाठी, म्हणतात.

या शब्दाला इतिहास आहे. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ जाँ-लुई आलिबेर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, १८०६ मध्ये, या विकाराचे वर्णन केले तेव्हा त्यांनी त्याला कर्करोगाशी नाते सांगणारे नाव दिले होते. पुढे हा कर्करोग नव्हे हे ध्यानी आल्यावर त्यांनीच ते बदलले आणि खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून ‘केलॉइड’ हे नाव रूढ केले. (गंमत अशी की ‘कर्क’ म्हणजेही खेकडाच. नाव बदलले तरी खेकडा सुटला नाही.) १९४६ मध्ये ‘ट्यूमर’ हा शब्द वापरताना हर्सी काही चूक करीत नव्हते. त्यांच्या माहितीदारांची भाषाच ती होती. परंतु अणुबाँब, किरणोत्सर्ग आणि गाठ हे तीन शब्द एकत्र आले की वाचकाच्या मनात जे समीकरण तयार होते ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबर नाही. हिरोशिमातील केलॉइड प्रामुख्याने उष्णतेने भाजल्याचा परिणाम होते. खोलवरची भाजलेली त्वचा, जखमेत झालेला जंतुसंसर्ग, कुपोषण, औषधांचा अभाव आणि लांबलेली भरून येण्याची क्रिया ही त्यांची कारणे. मेल्विन ब्लॉक आणि मासाओ त्सुझुकी यांनी १९४८ मध्येच या वणांवरील आपली निरीक्षणे एका अमेरिकी शल्यचिकित्सा-नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. तरीही ‘केलॉइड’ हा शब्द जपानी बोलीत ‘बाँबचा वण’ याच अर्थाने स्थिरावला आणि त्यासोबत हा विकार अनुवंशाने पुढे जाईल, ही भीतीही. विवाहाच्या बाजारात या भीतीची किंमत कोणी मोजली, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

मेरी मॅकार्थी यांनी १९४६ मध्येच हर्सींवर घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे. वाचलेल्यांच्या मुलाखती घेऊन लिहिलेला हा वृत्तांत अणुबाँबला भूकंप किंवा आगीसारख्या परिचित आपत्तीच्या रांगेत नेऊन बसवतो, असे त्यांचे म्हणणे होते. केलॉइडच्या संदर्भात हा आक्षेप अर्धाच लागू पडतो. भाजणे हे खरोखरच परिचित आपत्तीचे अंग आहे, आणि बाँबच्या वणांचे गूढीकरण करणाऱ्यांपेक्षा हर्सींची ती कोरडी नोंद सत्याच्या अधिक जवळ आहे. परंतु १९४६ च्या उन्हाळ्यात हिरोशिमात वावरताना, जेव्हा हे वण ऐन वाढीच्या काळात होते, त्यांना एकही चेहरा त्या नोंदीला जोडावासा वाटला नाही, हेही खरे आहे.

डॉ. सासाकी : न केलेल्या उपचाराचा पश्चात्ताप की केलेल्या?

पहिल्या प्रकरणांतील डॉ. तेरुफुमी सासाकी वाचकाच्या स्मरणात राहतात ते त्यांच्या कामाच्या अमानुष प्रमाणामुळे. पंचवीस वर्षांचा हा तरुण शल्यचिकित्सक रेड क्रॉस रुग्णालयातील एकमेव धडधाकट उरलेला डॉक्टर. आपला चष्मा गेल्यामुळे जखमी परिचारिकेचा चष्मा लावून तो काम करतो. सहाशे खाटांच्या रुग्णालयात सुमारे दहा हजार जखमी येतात, आणि तीन दिवसांत त्याला जेमतेम एक तास झोप मिळते. हा नायक आहे, आणि हर्सींनी त्याला नायक न म्हणता नायक केले आहे.

पाचव्या प्रकरणात याच माणसाची पुढली हकीकत येते तेव्हा ती वीरकथेच्या विरुद्ध दिशेने जाते. १९५१ मध्ये ते रेड क्रॉस रुग्णालय सोडून मुकाईहारा येथे स्वतःचा दवाखाना काढतात. त्याआधीची पाच वर्षे त्यांनी मुख्यत्वे काय केले? केलॉइड कापले. हर्सी सांगतात की काढलेले वण परत येत, काही जखमा चिघळत, आणि अखेर सासाकी व त्यांचे सहकारी अशा निष्कर्षावर आले की अनेक बाबतीत शस्त्रक्रिया न करणेच बरे झाले असते. हा मजकूर मोजक्या वाक्यांचा आहे. हर्सी त्यावर भाष्य करीत नाहीत, सासाकींच्या तोंडी एखादा उद्गार घालीत नाहीत, आणि लगेच पुढे जातात. संपूर्ण पुस्तकातील सर्वांत कठोर मजकूर कदाचित हाच आहे.

तो कठोर का, हे समजण्यासाठी केलॉइडच्या उपचारांचा इतिहास थोडा तपशिलाने पाहावा लागतो. नुसती शस्त्रक्रिया करून केलॉइड काढल्यास तो परत येण्याचे प्रमाण वैद्यकीय साहित्यात ४५ ते १०० टक्क्यांपर्यंत दिले जाते. म्हणूनच आज कोणताही जाणता शल्यचिकित्सक नुसती शस्त्रक्रिया करीत नाही. ट्रायअॅम्सिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने थेट वणात देण्याची पद्धत १९६० च्या दशकात रूढ झाली. भाजलेल्या रुग्णांसाठी घट्ट दाबाचे कपडे १९७० च्या दशकात आले. सिलिकॉन जेलच्या पट्ट्या १९८० च्या दशकाच्या आरंभी भाजलेल्यांच्या विभागांतून वापरात आल्या. पुढे ५-फ्लुरोयुरॅसिल, अतिशीत उपचार, लेसर यांची भर पडली. आज यांपैकी दोन-तीन उपाय एकत्र केले जातात, आणि तरीही वण परत येणार नाही याची खात्री कोणी देत नाही. सिलिकॉनच्या पट्ट्यांची शिफारस जगभर होते, पण कॉक्रेनसारख्या पुरावा-परीक्षणांनी त्यामागील अभ्यासांचा दर्जा कमकुवत असल्याचे नोंदवले आहे. सारांश, १९४६ ते १९५१ या काळात सासाकींच्या हाती यांतले बहुतेक काहीच नव्हते. हाती होती ती सुरी.

एक उपाय मात्र तेव्हाही ठाऊक होता. शस्त्रक्रियेनंतर लगेच त्या जागी क्ष-किरण देणे हा उपचार विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलेला आहे, आणि आजही हट्टी केलॉइडवर तो सर्वांत परिणामकारक उपायांपैकी एक मानला जातो. ज्यांच्या देहांनी बाँबचे किरण झेलले होते त्यांच्या त्वचेवर पुन्हा किरण सोडणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकाने करावी. हर्सी या विषयाला स्पर्श करीत नाहीत. ही उणीव आहे की संयम, यावर मतभेद होऊ शकतो. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने ती उणीव आहे, कारण अन्यत्र किरणांच्या परिणामांची सूक्ष्म नोंद ठेवणारा लेखक येथे एक वाक्य लिहू शकला असता.

याहून महत्त्वाचा मुद्दा निदानाचा आहे. उंच वणांचे दोन प्रकार आज काटेकोरपणे वेगळे मानले जातात. एक अतिवर्धित वण, जो मूळ जखमेच्या सीमेत राहतो आणि वर्ष-दोन वर्षांत पुष्कळदा आपोआप सपाट होऊ लागतो. दुसरा खरा केलॉइड, जो सीमा ओलांडतो आणि आपोआप ओसरत नाही. १९४० च्या दशकात हा भेद इतका पक्का नव्हता आणि हिरोशिमात तर दोहोंना ‘केलॉइड’ हेच नाव होते. हिरोशिमा व नागासाकी येथील परिणामांचा जपानी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेला बृहद्ग्रंथ, ज्याचा इंग्रजी अनुवाद १९८१ मध्ये आला, हे वण १९४६-४७ च्या सुमारास सर्वाधिक उठून दिसत होते आणि नंतरच्या काळात त्यांतील अनेक उतरले, असे नोंदवतो. याचा अर्थ असा की सासाकींनी कापलेल्या वणांपैकी काही, वाट पाहिली असती तर, स्वतःहून बसले असते. काही खरे केलॉइड होते आणि ते कापल्यामुळेच चिडले. दोन्ही बाजूंनी सुरी चुकीची ठरली, परंतु दोन वेगवेगळ्या कारणांनी. सासाकींच्या त्या एका निष्कर्षाच्या पोटात हे दोन्ही आहेत.

हे लक्षात घेतले म्हणजे सासाकींवरील भागाचा शेवट वेगळ्या प्रकाशात वाचता येतो. हर्सी म्हणतात की त्या पहिल्या दिवसांत सामूहिक दहनासाठी ओढून नेलेल्या प्रेतांची ओळख नोंदवता आली नाही, हे सासाकींचे एकमेव कडवट शल्य होते. समीक्षकांनी या शल्यावर भरपूर लिहिले. पण संहितेत त्याआधी दुसरे शल्य येऊन गेलेले आहे. ते शल्य म्हणून सांगितलेले नाही, इतकेच. मृतांना नाव देता आले नाही याचे दुःख सांगता येते. जिवंतांना मदत करायला गेलो आणि त्यांचे वण वाढवले, हे सांगण्यासाठी त्या डॉक्टरकडे भाषा नाही, आणि हर्सी आपली भाषा त्याला उसनी देत नाहीत. ‘शल्य’ या शब्दाचा मूळ अर्थ शरीरात रुतलेली परकी वस्तू, आणि ती काढणारे ते शल्यतंत्र. येथे ती काढणाऱ्याच्याच अंगी रुतली आहे.

पडद्यामागच्या मुली

पाचव्या प्रकरणाचा सर्वांत दीर्घ भाग पाद्री कियोशी तानिमोतो यांच्याविषयी आहे. चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर वण असलेल्या तरुण मुलींचा एक गट त्यांनी आपल्या चर्चमध्ये जमवला होता. यातील कित्येकजणी शाळकरी वयात, आगीचा फैलाव रोखण्यासाठी घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याच्या सक्तीच्या कामावर उघड्यावर होत्या. ऑगस्टमधील पोशाखाने जेवढे झाकले तेवढे वाचले, उरले ते भाजले. म्हणूनच वण चेहऱ्यावर आणि हातांवर. पुढे ‘सॅटर्डे रिव्ह्यू’चे संपादक नॉर्मन कझिन्स यांच्या पुढाकाराने यातील पंचवीसजणींना मे १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात नेण्यात आले. आर्थर बार्स्की आणि विल्यम हिट्झिग या डॉक्टरांनी हिरोशिमात येऊन त्रेचाळीस मुलींची तपासणी केली आणि त्यांतून पंचवीस निवडल्या. पुढील दीड वर्षात त्यांच्यावर सव्वाशेहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. एक मुलगी, तोमोको नाकाबायाशी, मे १९५६ मध्ये भूल दिलेल्या अवस्थेत मृत्यू पावली. उरलेल्या त्याच वर्षी परतल्या.

अमेरिकी वृत्तपत्रांनी त्यांना ‘हिरोशिमा मेडन्स’ म्हटले, म्हणजे हिरोशिमाच्या कुमारिका. नावातच निवडीचा निकष आहे. वण पुरुषांनाही होते, विवाहित स्त्रियांनाही होते. मदतीचा ओघ अविवाहित तरुणींकडे वळला, कारण वणाचे मोजमाप विवाहयोग्यतेच्या पट्टीने होत होते. हर्सी हे मोजमाप प्रश्नांकित करीत नाहीत. मात्र ‘केलॉइड मुली’ हा त्या गटासाठी वापरला जाणारा शब्दप्रयोग ते जसाच्या तसा ठेवतात, आणि त्यात व्यक्तीची जागा वणाने घेतली आहे हे वाचकाला आपोआप टोचते.

हर्सींच्या निवेदनकौशल्याचा सर्वांत धारदार नमुना याच भागात आहे. ११ मे १९५५ रोजी तानिमोतो यांना लॉस एंजेलिसमध्ये एका मुलाखतीसाठी म्हणून नेण्यात आले. प्रत्यक्षात तो राल्फ एडवर्ड्स यांचा ‘धिस इज युवर लाइफ’ हा लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रम होता. तेथे तानिमोतोंसमोर बाँब टाकणाऱ्या विमानाचे सहवैमानिक रॉबर्ट लुईस यांना आणले गेले. दोन मुली अर्धपारदर्शक पडद्यामागे उभ्या करण्यात आल्या. प्रेक्षकांना दिसल्या त्या केवळ त्यांच्या छाया. त्यांना संकोच वाटू नये, असे कारण देण्यात आले. कार्यक्रमाची प्रायोजक हेझल बिशप ही प्रसाधनांची कंपनी होती, आणि मध्ये नखरंगाची जाहिरात होती. धातूच्या घासणीने घासले तरी न निघणारा रंग, असे त्या जाहिरातीचे प्रात्यक्षिक. हर्सी हे सारे सांगतात आणि थांबतात. वणांचे चेहरे पडद्याआड आणि न खरवडला जाणारा रंग पडद्यावर, ही मांडणी वास्तवानेच केलेली होती. तिच्यावर एक जरी उपरोधिक शब्द खर्च केला असता तरी ती हलकी झाली असती.

याच भागात हर्सी मध्येमध्ये अणुचाचण्यांच्या तारखा पेरतात. सोव्हिएत रशिया, ब्रिटन, फ्रान्स, चीन. तानिमोतोंच्या दौऱ्यांच्या, भाषणांच्या, देणग्यांच्या हकीकतीत एकेक वाक्य कोरडेपणाने येऊन पडते. त्या मालिकेत १८ मे १९७४ ही भारताच्या पहिल्या चाचणीची तारीखही आहे. भारतीय वाचकाला हे वाचन बाहेरून करता येत नाही, ते यामुळे. काही समीक्षकांना ही योजना यांत्रिक वाटली. ती यांत्रिक आहेच, आणि तशी ती असावी लागते. वण वाढतो तो अशाच पद्धतीने, कोणाच्या लक्षात न येता, मधल्या मोकळ्या जागांतून. अर्थात ही उपमा हर्सींची नाही, आणि ती फार ताणूही नये. सुसान सोंटॅग यांनी ‘इलनेस अॅज मेटाफर’ (१९७८) मध्ये रोगाला रूपक बनवण्याविरुद्ध दिलेला इशारा केलॉइडलाही लागू आहे.

येथे एक वैद्यकीय स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण ते हर्सींच्या संहितेत नाही आणि त्यामुळे वाचक न्यूयॉर्कमधील शस्त्रक्रियांना सासाकींच्या शस्त्रक्रियांचीच अधिक श्रीमंत आवृत्ती समजण्याचा संभव आहे. माउंट सायनायमधील कामाचा मोठा भाग वण ‘पुसण्याचा’ नव्हता, आकुंचने सोडवण्याचा होता. भाजलेली त्वचा आक्रसून हनुवटी मानेला, बोटे तळहाताला चिकटतात, पापण्या मिटत नाहीत, ओठ जुळत नाहीत. घट्ट वण छेदून ती जागा मोकळी करायची आणि मांडी किंवा पोटावरील त्वचा आणून तेथे लावायची, असे हे काम. यात हात पुन्हा चालू लागतो, डोळा मिटतो, घास तोंडात राहतो. चेहरा मात्र पूर्ववत होत नाही. कार्य आणि रूप यांतील हा भेद लक्षात घेतला तर ‘यशस्वी की अयशस्वी’ या प्रश्नाचे उत्तर एकच राहत नाही. वृत्तपत्रांना ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे हवी होती. पेला धरता येणे छायाचित्रात दिसत नाही.

उपचाराचे राजकारणही हर्सी दडवत नाहीत. अमेरिकेने स्थापन केलेल्या अणुबाँब हानी आयोगाने १९४७ पासून हिरोशिमात वाचलेल्यांची तपासणी सुरू केली, पण उपचार करायचे नाहीत हे त्याचे धोरण होते. उपचार म्हणजे जबाबदारीची कबुली ठरेल, ही भीती त्यामागील कारणांपैकी एक. जपानी शासनाने वाचलेल्यांच्या वैद्यकीय साहाय्याचा कायदा केला तो १९५७ मध्ये, बाँबनंतर बारा वर्षांनी. वण काढण्याचा खर्च तोवर ज्याचा त्याने करायचा होता. या पार्श्वभूमीवर पंचवीस मुलींचा प्रवास एकाच वेळी खरी करुणा आणि सोयीची करुणा ठरतो. तानिमोतोंविषयी साशंक असलेला अमेरिकी परराष्ट्र खात्याचा पत्रव्यवहार हर्सी उद्धृत करतात, तेव्हा या सोयीची दुसरी बाजू दिसते.

आरशातला चेहरा

एवढे सगळे मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो आणि तो हर्सींच्या मूळ निवडीचा आहे. त्यांची सहा पात्रे म्हणजे एक कारकून तरुणी, दोन डॉक्टर, शिंप्याची विधवा, एक जर्मन धर्मगुरू आणि एक जपानी पाद्री. तोशिको सासाकी यांचा पाय चिरडलेला आहे, फादर क्लाइनसोर्गे किरणोत्सर्गाच्या विकारांनी आयुष्यभर खंगतात, श्रीमती नाकामुरांना अशक्तपणाने गाठले आहे. परंतु चेहऱ्यावर केलॉइड असलेले यांतील कोणीही नाही. त्यामुळे दोन्ही काळांतील संहितांत केलॉइड नेहमी दुसऱ्याच्या नजरेतून दिसतो. कधी तो कापणाऱ्या डॉक्टरच्या, कधी त्यासाठी निधी जमवणाऱ्या पाद्रीच्या. दूरचित्रवाणीने मुलींपुढे जो पडदा ओढला तो हर्सींच्या निवेदनातही, वेगळ्या कापडाचा, ओढलेला आहे. त्यांना एकही दीर्घ संवाद नाही. १९८५ मध्ये त्यांतील अनेकजणी हयात होत्या.

तुलनेसाठी मासुजी इबुसे यांची ‘काळा पाऊस’ ही कादंबरी (१९६५-६६) घेता येईल. तिचा निवेदक शिगेमात्सु याचा गाल भाजलेला आहे आणि तो स्वतः आरशासमोर उभा राहून पट्टी सोडतो, वाळलेली त्वचा चिमटीत धरून ओढतो. वर्णन किळसवाणे आहे आणि त्यात एक विचित्र, मुलासारखे कुतूहलही आहे. हर्सींच्या संहितेत असा आरसा नाही. केंझाबुरो ओए यांच्या ‘हिरोशिमा नोट्स’ (१९६५) मध्ये वणांमुळे घराबाहेर न पडणाऱ्या मुली आहेत, आणि त्यांच्या त्या न बाहेर पडण्याला ओए दुबळेपणा म्हणत नाहीत. रॉडनी बार्कर यांचे ‘द हिरोशिमा मेडन्स’ तर हर्सींच्या पाचव्या प्रकरणाच्याच वर्षी, १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. बार्कर यांच्या बालपणी या मुलींपैकी दोघी त्यांच्या घरी राहिल्या होत्या. कलाकृती म्हणून ते हर्सींच्या जवळपासही येत नाही, पण शस्त्रक्रियांच्या मधल्या कंटाळवाण्या महिन्यांत या मुली काय करीत होत्या, हे त्यातून कळते.

हर्सींच्या बाजूने एवढे म्हणता येईल की १९४६ मध्ये भेटलेल्या सहाजणांशी ते प्रामाणिक राहिले आणि नवे सातवे पात्र आणून त्यांनी मूळ रचना मोडली नाही. ही रचनेशी निष्ठा आहे. तिची किंमत कोणी दिली, हेही नोंदवले पाहिजे.

इंग्रजीच्या अभ्यासक्रमांत कथनात्म वृत्तांतलेखनाचा नमुना म्हणून ‘हिरोशिमा’ नेमले जाते तेथे सोयीसाठी बहुधा १९४६ चा मूळ मजकूर निवडला जाण्याचा संभव असतो. तो आटोपशीर आहे, त्याला आकार आहे, आणि एका बैठकीत शिकवता येतो. तसे झाल्यास विद्यार्थ्यांच्या वाट्याला केलॉइड एका वाक्यात येतो, गुलाबी, रबरासारखा, निनावी. रेड क्रॉस रुग्णालयातील ती पुढली पाच वर्षे आणि पडद्यामागच्या त्या दोन छाया येतच नाहीत.